खिडकीखालचा ओटा

ही हकीकत सांगायचं मी सात वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत. वरची खोली रिकामी का ठेवलीय, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, शिकायला आलेल्या पोरी ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. ऐकणारा मान हलवायचा आणि विषय संपायचा. त्या खोलीत राहिलेल्या रेणुकाबद्दल आमच्या गल्लीत आजही जे बोललं जातं ते मूळ माझं वाक्य आहे. इतक्या तोंडांतून फिरून ते परत माझ्या कानावर येतं तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. म्हणून आधीच लिहून ठेवतो. ते वाक्य माझं होतं आणि त्यात काही खरं नव्हतं.

दर वर्षी एम.ए., एम.कॉम.च्या प्रवेशाच्या याद्या लागल्या की भिवंडीतल्या आमच्या कामतघरात अनोळखी मुलं दिसायला लागतात. पाठीवर फुगलेली बॅग, हातात पारदर्शक फोल्डर, त्यात मार्कशीट आणि दाखले. चौकात उभी राहून ती माणसं निवडत असतात, पत्ता कुणाला विचारावा आणि कुणाला विचारू नये. काल दुपारी अशीच एक मुलगी आमच्या फाटकाशी थांबली. ‘खोली भाड्याने देणे नाही’ ही पाटी तिने वाचली, मग वरच्या बंद खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा पाटीकडे. पाटी खरं सांगते की नाही याची तिला खात्री नसावी. ती निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी पडद्याआडून तिच्यावर नजर ठेवून होतो. पंचाहत्तरी उलटली. बायको गेली, अर्धे दात गेले, ही खोड काही गेली नाही.

खोड म्हणतो, पण तेच माझं पोटापाण्याचं काम होतं. यंत्रमागाच्या एका कारखान्यात मी कापड तपासायचो. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, माझ्या टेबलावर यायचा. टेबलाला काच आणि काचेखाली दिवा. एका हाताने कापड ओढत राहायचं, नजर काचेवर. कुठे तार तुटलेली, कुठे दोन दोरे एकात गेलेले, कुठे तेलाचा डाग. दिसलं की त्या जागी किनारीला लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि पुढे ओढायचं. पस्तीस वर्षं ओढलं. चांगलं कापड माझ्या हाताखालून मैलोन्‌मैल गेलं असेल, ते मी पाहिलंच नाही. नजर थांबायची ती दोषावर. संध्याकाळी घरी आल्यावर सदरा काढून खुंटीला अडकवता येतो, तशी ती नजर अडकवता येत नाही.

रेणुका माहूरच्या बाजूची. पदवीपर्यंत तिकडेच शिकली, मग एम.ए.ला समाजशास्त्र घ्यायचं ठरवलं. मुंबईतल्या यादीत नाव लागलं नाही, भिवंडीतल्या लागलं. आली ती एकटीच, भर दुपारी, ओढणी नाकाशी धरून. आमच्या गल्लीत सुताला लावायच्या कांजीचा आंबूस वास असतो आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मांजराच्या मिशांवरसुद्धा ते बसतात. आम्हाला ते दिसेनासे झालेत. तिला तेवढेच दिसत होते.

खोली तिने मी कापड तपासावं तशी तपासली. पाण्याचा पेला उजेडाकडे धरून पाहिला. खिडकीची कडी तीनदा लावली, तीनदा काढली. कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे असते, असं विचारलं. माझ्याकडे, म्हटल्यावर संध्याकाळी बाजारातून स्वतःचं कुलूप घेऊन आली. मला राग आला होता. आज वाटतं, अनोळखी शहरात एकटीने राहायला आलेल्या मुलीने दुसरं काय करायचं? तिचा संशय तिला सांभाळत होता. माझ्या संशयाने कुणाचंच काही सांभाळलं नाही.

फरशीला हात लावून ती म्हणाली, “काका, घर हलतंय.”

“घर नाही हलत. शेजारी लूम चालतात.”

“थांबतात कधी?”

“थांबले की आम्हाला चैन पडत नाही.”

ती हसली नाही. पिशवीतून वही काढून तिने मी बोललेलं लिहून घेतलं. माझ्या मनात पहिली लाल गाठ तिथे पडली.

वडिलांशी तिने फोनवर बोलणं करून दिलं. एसटीत कंडक्टर होते. भावकीचा विरोध असताना पोरीला एवढ्या लांब पाठवलंय, एकेका सत्रापुरतंच ठरवलंय, काही वावगं दिसलं तर न संकोचता कळवा, असं ते म्हणाले. मी त्यांचा नंबर लिहून घेतला. फोन झाल्यावर रेणुका दारातच घुटमळली.

“काका, एक सांगू? माझ्याबद्दल काही वाटलं तर आधी मला विचारा. बाबांना एक फोन गेला की माझं शिक्षण संपलं.”

मी हो म्हटलं.

आमच्या भागात वही घेऊन फिरणाऱ्याला कुणी बसायला सांगत नाही. वहीवाला येतो तो मीटर बघायला, पत्र्याची शेड मोजायला, नाहीतर कोण कुठून आला ते विचारायला. रेणुका कॉलेजातून आली की वही घेऊन कारखान्यांच्या दारांशी उभी राहायची. तिला एम.ए.चा प्रकल्प करायचा होता आणि त्यासाठी तिने मागावरची माणसं निवडली होती, एवढं तिने मला सांगितलं होतं. पण सांगितलेल्या गोष्टीवर माझा आधीपासूनच विश्वास कमी. कोपऱ्यावरचा चहावाला रामसूरत एकदा म्हणाला, “चाचा, आपकी लडकी दिनभर लिखती क्या है? कोई सर्वे-बिर्वे है क्या?” मी हसून म्हटलं, पढाई है उसकी. पण ‘आपकी लडकी’ मला टोचलं. उद्या तिच्या लिहिण्याचा जाब लोक मला विचारणार होते. त्या दिवसापासून मी तिच्या येण्याजाण्याच्या वेळा ध्यानात ठेवू लागलो. फोनवर किती वेळ बोलते, कुणाचं नाव घेते, कचऱ्याच्या पिशवीत काय टाकते. हे लिहिताना लाज वाटते. पण लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला हवं.

ते दिवस गणपती गेल्यानंतरचे. भाद्रपद सरता सरता इथलं ऊन जाड होतं. वळ गावाकडे, गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांनी उडवलेली धूळ त्या उन्हात खाली बसायचं विसरते. रंगखात्यांच्या मागच्या नाल्याला एक दिवस जांभळं पाणी, एक दिवस हिरवं. भिंती तापतात, कारखान्यांच्या खिडक्या सताड उघड्या पडतात आणि मागांचा आवाज उन्हासारखाच घरात पसरून बसतो. ऊन असं पिवळं झालं की अजून मला ती खिडकी दिसते. मला वाटतं, दर आश्विनात मी पुन्हा त्या बोळात जाऊन उभा राहतो. पाय तेवढे घरात असतात.

घरात ही होती. ही म्हणजे सुमन, माझी बायको. माहेर दिघाशीचं, शेतकऱ्याचं घर. लग्नाआधीपासून आमच्याच कारखान्यात कांडी भरायला लागली आणि लग्नानंतर वीस वर्षं तेच करत राहिली. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी दोऱ्याची नळी. ती भरायची यंत्रं शेडच्या आत, मागांच्या ऐन गोंगाटात. मी बाहेरच्या खोलीत, दार लावून. एकाच कारखान्यात आमची उमेदीची वर्षं गेली, पण मध्ये ते एक दार होतं.

म्हातारपणी ही तुसडी झालीय, असं मी ठरवून टाकलं होतं. तीन हाका मारल्या की चौथीला ‘काय?’ यायचं, तेही कपाळाला आठ्या घालून. मी बोलायला लागलो की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. मला वाटायचं, माझ्या बोलण्यातलं खोटं शोधतेय. मग मीच बोलणं कमी केलं. जेवण, औषधं, गॅस संपला, एवढ्यावर संसार येऊन ठेपला. आणि माझ्याशी धड न बोलणारी ही बाई रेणुकाबरोबर खळखळून हसायची. पहिल्यांदा घरात सुकट भाजली तेव्हा रेणुका नाक चिमटीत धरून पलंगाखाली मेलेला उंदीर शोधत होती. ते बघून ही इतकी हसली की तिला भिंतीला टेकून बसावं लागलं. पंधरवड्यात पोरगी सुकटीची चटणी भाकरीला लावून खाऊ लागली. मला त्याचाही संशय आला. इतक्या लवकर कुणी कुणाचं होतं का?

आता मूळ गोष्ट. मागांच्या शेडमध्ये तोंडाचा उपयोग नसतो. शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून आतली माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांवरून झटकली की तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन्ही तळहात झाडले की शिफ्ट संपली. वरच्या ओठावरून मिशीसारखं बोट फिरवलं की मालक. पंजा बाहेरच्या बाजूला उलटा केला की गेला. चार बोटं दोनदा आत वळवली की ये. माझ्या खोलीच्या दाराला काच होती. तिच्यातून बघून बघून मीही हे कामापुरतं शिकलो होतो. शिकलो नसतो तर बरं झालं असतं. ज्याला काही कळत नाही अशा माणसाला त्या दिवशी खिडकीत हात हलवणारी एक मुलगी दिसली असती आणि तो चहा प्यायला निघून गेला असता.

मी रोज दुपारी चारला रामसूरतच्या टपरीवर जायचो. ही त्या वेळी आडवी होते, असा माझा समज. दसऱ्यानंतरच्या त्या दिवशी औषधाची चिठ्ठी घरी राहिली म्हणून अर्ध्यातून वळलो आणि जवळचा म्हणून मागचा बोळ धरला. बोळाच्या एका अंगाला आमच्या परसाची पुरुषभर उंच भिंत, दुसऱ्या अंगाला कारखाना. भिंतीच्या वर आमची माडीवरची खिडकी दिसते आणि बरोबर तिच्यासमोर कारखान्याची. आमच्या खिडकीत रेणुका उभी होती. तिने वरच्या ओठावरून बोट फिरवलं. पंजा उलटा केला. चार बोटं दोनदा आत वळवली.

मालक. गेला. ये.

समोर कारखान्याच्या खिडकीत एक विणकर गळ्यात गमछा टाकून वारा घेत उभा होता आणि कशाला तरी हसत होता.

घराचा मालक मी. नुकताच बाहेर गेलो होतो तो मीच. खुणा वाचण्यात माझी काही चूक झाली नव्हती. एकेक अक्षर स्वच्छ होतं.

पुढचे तीन दिवस मी चार वाजता टपरीवर जायला म्हणून निघायचो आणि बोळाच्या तोंडाशी थांबायचो. रोज त्याच खुणा. विणकर कधी खिडकीत असायचा, कधी नसायचा. नसला की मी समजायचो, निघाला. मग पुढे येऊन फाटकावर नजर ठेवायचो. फाटकातून आत कुणीही गेलं नाही. सरळ माणूस म्हणाला असता, म्हणजे काही नाहीच. मी म्हणालो, म्हणजे मागून येत असणार. भिंतीपलीकडे डोकावून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. आणि तिला विचारावं असं वाटलं होतं. एकदा अर्धा जिना चढलोसुद्धा. मग उतरलो. तिने काही तरी उत्तर दिलं असतं, ते खरं निघालं असतं, आणि मला मारलेली गाठ सोडावी लागली असती. तपासनीस गाठ मारतो. सोडायचं काम त्याला कुणी दिलेलं नसतं.

चौथ्या दिवशी मी तिच्या वडिलांना फोन केला. आवाज मुद्दाम मऊ ठेवला. मी काही आरोप करत नाही, असं म्हणालो. मुलगी चांगलीच आहे, पण खिडकीतून कारखान्याकडे हातवारे चालतात, तुम्ही एकदा येऊन गेलेलं बरं. रामसूरतलाही हेच सांगितलं, त्याने न विचारता. पोरगी खिडकीत उभी राहून कामगारांना बोलावते, असं त्याचं गल्लीत झालं. मी ते दुरुस्त केलं नाही.

वडील दोन दिवसांनी सकाळी आले. प्रवासाने सदरा चुरगळलेला, हातात कापडी पिशवी. पुढच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. त्यांची सारी नोकरी बिनतिकिटाचा प्रवासी हुडकण्यात गेलेली, माझी कापडातला दोष हुडकण्यात. दोघांनाही आपापल्या नजरेची खात्री होती. ही चहा घेऊन आली. पाहुणे रेणुकाला दिवाळीला न्यायला आलेत, असं समजून तिने डब्यात चकल्याही भरायला घेतल्या होत्या. 

वडील ओरडले नाहीत. रेणुकाला समोर उभी करून त्यांनी विचारलं, “खिडकीतून खुणा करत होतीस का?”

“हो.”

“कोणाला?”

तिने हिच्याकडे पाहिलं. ही ट्रे धरून उभी होती आणि ज्याचं तोंड हलेल त्याच्याकडे बघत होती, पण वडिलांची पाठ तिच्याकडे होती आणि मी मान खाली घातली होती. रेणुकाने एक हात वर घेतला, मूठ मिटली आणि छातीशी धरली. ती खूण मला येत नव्हती. ही मात्र हसली, तिने मान हलवली.

“बाबा, सोळा दिवसांवर परीक्षा आहे,” रेणुका एवढंच म्हणाली.

“सामान घे, लेकरा.”

निघताना हिने तिच्या हातात चकल्यांचा डबा दिला, दोन्ही तळहात झाडून दाखवले, शिफ्ट संपली, आणि म्हणाली, “दिवाली करून लवकर ये गं पोरी.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे.

दिवाळीत लूम बंद पडले. विणकर मुलुखाला गेले. कामतघर इतकं शांत झालं की घड्याळाचा काटा ऐकू येत होता. त्या शांततेत मी हिला मागच्या खोलीतून हाक मारली, आणि पुन्हा मारली, आणि पुन्हा. काहीच आलं नाही. तेव्हाही मला कळलं नाही. पोरगी गेल्यामुळे फुगून बसलीय, असं मी म्हणालो.

भाऊबीज झाल्यावर एका दुपारी मी वरची खोली झाडायला गेलो. तिचं कुलूप दाराला तसंच होतं, किल्ली कडीला लटकवून गेली होती. खिडकी उघडली आणि समोर पाहिलं. समोर पत्रा होता. कारखान्याच्या खिडकीवर उन्हापावसासाठी पुढे काढलेला पत्र्याचा छज्जा. बोळातून बघताना तो डोक्याच्या वर राहतो, म्हणून दोन्ही खिडक्या समोरासमोर वाटतात. माडी मात्र कारखान्याच्या खिडकीपेक्षा उंच, तिथून पत्र्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. कारखान्याची खिडकी नाही, विणकर नाही, त्याचा गमछाही नाही. मी मान इकडे केली, तिकडे केली, टाचा उंचावल्या. पत्राच.

मग मी खाली पाहिलं.

खिडकीच्या बरोबर खाली, भिंतीच्या आतल्या बाजूला, आमचा मागचा ओटा आहे. त्या ओट्यावर ही बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. खिडकी उघडल्याची सावली हलली म्हणून तिने वर पाहिलं. ऊन तिच्या डोळ्यांत होतं, मी अंधाऱ्या खोलीत. तिला नुसतं माणूस दिसलं असणार. तिचा चेहरा असा उजळला की तसा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तिने सूप बाजूला ठेवलं. वरच्या ओठावरून बोट फिरवलं, पंजा उलटा केला, आणि भुवया उंचावून विचारलं.

मालक गेला? येऊ?

मी खिडकीतून मागे सरलो. खाली ती वाट बघत बसली असणार.

रेणुकाची वही पलंगाखाली सापडली. पानापानावर हात काढलेले. पेन्सिलीने, बोटांच्या पेरांसकट. प्रत्येक हाताखाली अर्थ. बऱ्याच खुणा मला ठाऊक नव्हत्या. कांडी भरणाऱ्या बायकांच्या त्या आपसातल्या खुणा होत्या. सासू. कंबर दुखते. मूल आजारी. आणि एका पानावर मिटलेली मूठ, छातीशी: ‘घरी सांगणार नाही.’

शेवटच्या पानांवर तिने रोजनिशीसारखं लिहिलं होतं. काकूंना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कांडीखात्यात कान गेले. ओठ बघून भागवतात. काकांना माहीत नाही. डॉक्टरांकडे नेणार, परीक्षा झाल्यावर. काकांना का नाही सांगत, असं विचारलं. त्याखाली हिचे शब्द जसेच्या तसे: ‘त्याना समजला तं ते बोलायचेच न्हाईत. आता रागवायला तरी बोलतान.’

एका अनोळखी मुलीला जे पहिल्या महिन्यात दिसलं ते मला चाळीस वर्षांच्या संसारात दिसलं नाही. आणि ती मुलगी आपल्या शिक्षणावर पाणी सोडायची वेळ आली तेव्हाही शब्दाला जागली. ‘काकूंना बोलावत होते, त्यांना ऐकू येत नाही,’ एवढं म्हणाली असती तर सुटली असती. वडील खजील होऊन घरी गेले असते. मी खजील व्हायला हवा होतो तो झालो असतो. तिने मूठ मिटली.

हिला मीच डॉक्टरांकडे नेलं. कानाचं मशीन आलं. मशीन लावून घरी आल्यावर ती म्हणाली, किती कालवा हाय घरात. पंख्याचा, भांड्यांचा, माझ्या चपलांचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने विचारलं, पोर कधी येणार? मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. बोळ, खिडकी, फोन, रामसूरत, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं.

“आता बोला काय ते,” ती म्हणाली.

त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी हातांनीच बोलली. अंगठा ओठाला: चहा. तळहात झाडले: जा, झोपा. मग एका सकाळी फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “तिच्या बापाला सांगा.” मी नंबर लावला. ती समोर बसली, नजर माझ्या ओठांवर. पलीकडून वडिलांनी मला बोलूच दिलं नाही. बरं झालं तुम्ही फोन केला, तुमचे उपकार आहेत, वेळेवर कळवलंत म्हणून पोरगी हाताबाहेर गेली नाही, स्थळ ठरलंय, मुलगा चांगला आहे. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. सकाळपासून मनात घोकलं होतं. पण ज्याने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते त्याला मी कसं सांगणार, की तुमचे आभार चुकीच्या माणसाला पोचले?

“बरं झालं,” मी म्हणालो.

हिने ते ओठांवरून वाचलं. उठली, सूप घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसली.

पुढच्या वर्षांत आम्ही पुन्हा बोलायला लागलो. एकमेकांशिवाय कुणी नसलं की माणसं बोलायला लागतात, त्याला क्षमा म्हणता येत नाही. गल्लीत तिने कुणाला काही सांगितलं नाही. लोक माझं ते वाक्य तिच्यासमोर बोलायचे आणि ती ऐकू न आल्यासारखी बघत राहायची, मशीन कानात असतानाही. माझ्यासाठी मूठ मिटली होती तिने. मागच्या वर्षी ती गेली.

वडिलांचा नंबर आता लागत नाही. वही मी तीनदा कागदात बांधली. वर पत्ता काय घालायचा? माहूरच्या बाजूची, एवढंच मला माहीत. सासरचं गाव, आडनाव, काही नाही. कॉलेजात जाऊन विचारता आलं असतं, पहिल्या वर्षी तरी. गेलो नाही. पत्ता मिळाला असता, याची भीती वाटली. आता लिहितोय तेही तिच्यासाठी लिहितोय की जाण्याआधी स्वतःला हलकं करून घेण्यासाठी, याचा मला संशय आहे. वाचणाऱ्यानेही तो ठेवावा.

वहीत एका ठिकाणी चौकट आखून जागा कोरी सोडलीय. खाली लिहिलंय: ‘माफ कर. याला खूण नाही. काकू म्हणाल्या, आत तेवढा वेळ कुणाला नसायचा.’

काल फाटकाशी आलेली मुलगी गेल्यावर मी वर गेलो, खिडकी उघडली आणि खाली ओट्याकडे बघत उभा राहिलो. कापसाचे तंतू बसून बसून ओटा पांढुरका झालाय. शेजारी लूम चालू होते, फरशी पायाखाली हलत होती. तिथे कुणी ऐकणारं नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हणता आलं. सात वर्षं तयार असलेलं, फोनवर तिच्या वडिलांसमोर जिभेशी येऊन परत गेलेलं ते आता तिलाच म्हणालो.

रेणुका, तू खाली बघत होतीस आणि मी समोर पाहिलं. आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.